पब्लिक की अपलोड करताय? आधी या चुका टाळा

जीपीजी म्हणजे मेल कुलूपबंद करण्याचं आणि सह्या करण्याचं सॉफ्टवेअर. त्यात कीची जोडी बनवतात: पब्लिक की सगळ्यांना द्यायची, खासगी स्वतःकडे ठेवायची. ती बनवताना सुरुवातीलाच नाव आणि ईमेल विचारतात. आपण घाईत भरतो आणि पुढे जातो. खरं तर सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा. पासफ्रेज, म्हणजे खासगी कीचा पासवर्ड, उद्या बदलता येतो, मुदत वाढवता येते. पण कीसर्व्हरवर, म्हणजे पब्लिक की शोधायच्या सार्वजनिक सर्व्हरवर, एकदा गेलेलं नाव परत घेता येईल याची खात्री नसते.

"पब्लिक कीच आहे, तिच्यात लपवण्यासारखं काय?" असं पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी स्वतःची की एकदा उघडून पाहावी. तुमचे सगळे यूजर आयडी (नाव-ईमेलच्या जोड्या) तिच्यात असतात, की कधी बनवली त्याची तारीख-वेळ असते, आणि 'ही की याच माणसाची' असा दुजोरा देणाऱ्या इतरांच्या सह्या असतील तर त्याही तारखांसकट. तुमची कोणाशी ओळख आहे आणि ती साधारण कधीपासून, हे त्या सह्यांवरून कोणालाही कळतं.

सगळे पत्ते एकाच कीवर

ही चूक सगळ्यात महागात पडते. खऱ्या नावाचा पत्ता, कामाचा पत्ता आणि टोपणनावाने लिहिण्यासाठी घेतलेला पत्ता, तिन्ही सोयीसाठी एकाच कीला जोडले जातात. मग त्यातला कोणताही एक पत्ता जुन्या धाटणीच्या कीसर्व्हरवर शोधला की उरलेले दोन शेजारीच दिसतात. टोपणनाव जपायचं असेल तर त्याची की पूर्णपणे वेगळी हवी. तिच्यावर आपल्याच दुसऱ्या कीने सही करायचा मोहही आवरा, कारण त्या सहीने दोन्ही नावं पुन्हा एकत्र बांधली जातात.

की बनवताना नाव-ईमेलसोबत येणारी कॉमेंटची जागा रिकामीच ठेवा. पदनाम, फोन नंबर, 'नवी की' असलं काहीही तिथे नको. तुमच्या कीवर सही करणारा माणूस त्या मजकुरालाही दुजोरा देत असतो.

काढलेला पत्ता परत का येतो?

हा प्रश्न वारंवार विचारला जातो. 'डेल-यूआयडी' आज्ञेने जुना ईमेल काढला, की पुन्हा अपलोड केली, आणि सर्व्हरवरून की पुढच्या वेळी रिफ्रेश केली की तो पत्ता हजर! कारण ही आज्ञा फक्त तुमच्या संगणकावरच्या प्रतीतून तो पत्ता काढते. जुने सर्व्हर आलेली माहिती आधीच्या माहितीत मिसळतात, त्यातून काही वगळत नाहीत. की अजून कुठेच पाठवली नसेल तर 'डेल-यूआयडी' ठीक आहे. पाठवली असेल तर आधी नवा पत्ता जोडा, तो मुख्य करा, मग जुना 'रेव्ह-यूआयडी'ने रद्द करा आणि की पुन्हा पाठवा. पत्ता तरीही दिसत राहील, पण रद्द अशी खूण लागून.

काहीच न पुसण्याच्या या पद्धतीचे परिणाम 2019 च्या जूनमध्ये दिसले. काही नामांकित विकासकांच्या कींवर कोणीतरी हजारो निरर्थक सह्या ओतल्या, आणि त्या की आयात करताना जीपीजी अडकून पडू लागलं. त्याच महिन्यात कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा सर्व्हर सुरू झाला. तो की आणि ओळख वेगवेगळी ठेवतो. पत्त्यावर पुष्टीची मेल जाते, तुम्ही होकार दिलात तरच तो पत्ता शोधात येतो, आणि नंतर काढताही येतो. म्हणून 'अपलोड केली पण ईमेलने सापडत नाही' अशी अडचण आली तर आधी इनबॉक्स आणि स्पॅम पाहा. 'यूजर आयडी नाही' म्हणून जीपीजीने की आयात करायला नकार दिला, तर त्याचं कारणही बहुतेकदा हेच असतं: मालकाने पुष्टी केलेली नसते.

नाव दिसलं म्हणून विश्वास ठेवणं

यूजर आयडी हा निव्वळ मजकूर आहे. कोणीही कोणाच्याही नावाने की बनवू शकतो, आणि जुने सर्व्हर काहीच तपासत नाहीत. की ओळखायला वापरला जाणारा आठ अक्षरी छोटा की आयडीसुद्धा जुळवून आणता येतो. 2016 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या नावाची, तोच छोटा आयडी असलेली बनावट की कीसर्व्हरवर आढळली होती. अजूनही सर्रास वापरात असलेल्या प्रकारच्या कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची पूर्ण ओळखखूण, 40 अक्षरांचा असतो. तो पूर्ण जुळवा, आणि तोही समोरासमोर किंवा आवाज ओळखीचा असेल तर फोनवर. ज्या मेलमधून की आली त्याच मेलमधला फिंगरप्रिंट जुळवून काहीही सिद्ध होत नाही.

माझी पहिली की मी मुदत न घालता पाठवली आणि पुढे पासफ्रेज विसरलो. नंतर कितीतरी दिवस लोक मला तिने कुलूपबंद केलेली पत्रं पाठवत होते आणि मला एकही उघडता येत नव्हतं. तेव्हापासून मी मुदत दोन वर्षांची ठेवतो आणि रद्दपत्र, म्हणजे की रद्द करायची फाइल, वेगळ्या पेनड्राइव्हवर. जीपीजी 2.1 पासून ते आपोआप तयार होतं. मात्र चुकून वापरलं जाऊ नये म्हणून त्यातल्या पहिल्या पाच डॅशच्या आधी एक कोलन (:) टाकलेलं असतं. की रद्द करायची वेळ आली की टेक्स्ट एडिटरमध्ये ते आधी काढा, मग फाइल आयात करा आणि की सर्व्हरवर पाठवा.