पोटगी थकली? नागपुरात वसुलीचा अर्ज असा करा

मुलांच्या पोटगीचा आदेश झाला, पण पैसे येत नाहीत. बापाच्या पगारातून ते परस्पर कापून आणणारं सरकारी खातं आपल्याकडे नाही. वसुली कोर्टच करतं, तेही तुम्ही अर्ज दिल्यावर.

आधी आदेशाची प्रत घ्या. ती फुकट मिळते, तशी तरतूदच आहे. मग पासबुक समोर ठेवून महिन्यागणिक हिशेब मांडा: किती ठरले, किती आले, किती बाकी. अधूनमधून आलेले पाचशे-हजारही लिहा. ते लपवले तर समोरचा वकील तेच धरून बसतो.

आता मुदतीचं. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज केला नाही, तर त्या महिन्यांसाठी वॉरंट, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम, निघत नाही. ‘देईन, देईन’ ऐकत दोन वर्षं काढणाऱ्या बाया इथेच फसतात. दर सहा महिन्यांनी अर्ज टाकलेला बरा.

आदेश नागपूरच्या कुटुंब न्यायालयाचा असेल, तर अर्ज तिथेच द्या. बाप पुण्याला पळाला असला, तरी तो जिथे असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून अंमल करून घेता येतो. जुन्या आदेशांवर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ दिसेल. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. वकिलाला पैसे नसतील तर सिव्हिल लाइन्समधलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, किंवा १५१०० वर फोन करा. बाया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

खरी मेहनत माहिती काढण्यात आहे. बाप बुटीबोरीच्या कंपनीत असेल तर कंपनीचं नाव-पत्ता द्या. काटोलकडे संत्र्याची बाग असेल तर सातबारा ऑनलाइन काढून जोडा. जमिनीवरची वसुली कलेक्टरमार्फत, महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. नुसतं ‘त्याच्याकडे खूप आहे’ म्हटल्यानं जप्ती होत नाही.

वॉरंट निघूनही पैसे भरले नाहीत, तर दर थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आत जाऊन आला म्हणून बाकी फिटत नाही. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच हे स्पष्ट केलंय.

अटकेच्या धाकानं तो कोर्टाच्या व्हरांड्यातच नोटा पुढे करेल. घ्या, पण बँकेतून किंवा कोर्टात भरायला लावून, आणि पूर्ण बाकी येईपर्यंत ‘अर्ज मागे घेते’ अशा कागदावर सही करू नका.