विदर्भाच्या उन्हाळ्यात नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅट सांभाळताना

नॉर्वेतील शेतांवर आणि गोठ्यांत उंदीर धरत ही जात घडली आणि १९७७ मध्ये 'फिफे' या युरोपातील मांजर-महासंघाने तिला मान्यता दिली. तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: आत दाट, लोकरी थर आणि त्यावर पाणी निथळवून टाकणारे लांब केस. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा थंडीसाठीची हीच सोय तिच्या जिवावर उठू शकते. त्यामुळे घरात दुपारीही गार राहणारी एखादी खोली नसेल, तर हे मांजर आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊन तापू लागले की अनेकांना मांजराचे केस भादरण्याची घाई होते. तसे करू नये, कारण वरचे केस कातडीला उन्हापासून वाचवतात. काढायचा असतो तो आतला, सुटलेला थर. दिवस मोठा होऊ लागला की हा थर गळू लागतो, तेव्हा पोलादी फणीने रोज आणि एरवी आठवड्यातून एकदोनदा विंचरावे. पाठ सगळेच विंचरतात. गुंता मात्र काखेत, पोटाखाली आणि मांड्यांच्या मागे होतो. परसातून आलेल्या मांजराच्या शेपटीत गोखरू आणि कुसळे अडकलेली असतात, ती आधी बोटांनी सोडवावीत. गुंता न सोडवता अंघोळ घातल्यास तो अधिक आवळतो, आणि कात्री चालवल्यास पातळ कातडी कापली जाण्याची भीती असते.

टिनाच्या छपराखालच्या खोलीपेक्षा कवेलूच्या घरातील जाड भिंतींची खोली बरी. कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो, पावसाळ्यातील दमट हवेत मात्र खिडक्या उघडून पंखाच लावावा. भारनियमनाच्या वेळेसाठी ओले गोणपाट अंथरावे आणि दोनतीन ठिकाणी माठातले पाणी ठेवावे. मांजर फरशीवर पसरते आणि मग अंग चाटते, म्हणून फरशी फिनाईलने पुसू नये; ते मांजरांना विषारी असते.

मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले किंवा लाळ गाळू लागले, तर उष्माघात समजावा. पंजे, कान आणि पोट साध्या पाण्याने भिजवून पंखा लावावा, बर्फ वापरू नये आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तातडीने न्यावे. ताप समजून पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकते.