कसाव्याचे वाण ठरवताना आणि बेणं जमवताना: लावणीआधीची तयारी

कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात ते पीक; त्याचं बेणं म्हणजे लावायच्या खोडाच्या कांड्या. केरळातला छोटा शेतकरी जमीन सेंटात मोजतो; १०० सेंटांचा एक एकर. एका सेंटात ९० सेंटिमीटर अंतरावर साधारण ५० आणि ७५ सेंटिमीटरवर ७० झाडं बसतात. फांद्या फुटणाऱ्या वाणाला पहिलं अंतर द्या, एम-४ सारख्या सरळ वाढणाऱ्याला दुसरं पुरतं. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय बेणं शोधायला निघू नका.

पण त्याच्याही आधी कंद कधी आणि कोणासाठी काढायचे, ते ठरवा. नुसता टनांचा आकडा बघून वाण घेणं फार महागात पडतं. काढलेला कंद दोन-तीन दिवसांतच आतून निळसर-काळा पडायला लागतो. सगळं रान एकदम तयार झालं तर व्यापारी म्हणेल त्या भावात द्यावं लागतं. म्हणून वाण वेगवेगळ्या मुदतीचे घ्या. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात श्री जया किंवा श्री विजया लावा. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेचे हे वाण सहा-सात महिन्यांत निघतात आणि पुढच्या भातासाठी रान मोकळं होतं. एम-४ दहा महिने घेतो, पण उकडल्यावर इतका मऊ आणि चवदार लागतो की घरासाठी आणि जवळच्या बाजारासाठी तो हवाच.

एच-१६५ आणि एच-२२६ हे १९७१ चे संकरित वाण स्टार्च-साबुदाण्याच्या गिरणीचे. तमिळनाडूतल्या सेलम-नामक्कल पट्ट्यात ते वर्षानुवर्षं लावले जातात. आपल्या उपासाचा साबुदाणा बहुतेक तिथूनच येतो. गिरणीवाला भाव ठरवतो तो स्टार्चच्या पॉइंटवर, म्हणजे कंदात स्टार्च किती आहे त्यावर, म्हणून त्याला द्यायचा माल कोवळा काढू नका. जवळ गिरणी नसेल तर एच-१६५ च्या वाटेला जाऊ नका. त्याचे कंद कडवट असतात, आणि हा कडवटपणा सायनाइडचा. पावसाने ताण दिला तर तो आणखी वाढतो. त्यामुळे कडू आणि गोड वाण एकाच ओळीत कधीही मिसळू नका. प्रत्येकाचा पट्टा वेगळा ठेवा आणि बेण्याच्या काठ्यांची मोळी बांधतानाच तिच्यावर वाणाप्रमाणे वेगळ्या रंगाची रेघ ओढा. पानं झडलेल्या काठ्या शेजारी पडल्या की ओळखू येत नाहीत. घरी कंद शिजवताना तुकडे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्या.

सगळ्यात जास्त लक्ष बेण्यावर द्या. मोझॅक रोग पांढऱ्या माशीने पसरतो हे खरं, पण तो रानात येतो बहुतेक आपणच लावलेल्या रोगट कांड्यांतून. एम-४ आणि एच-२२६ त्याला लवकर बळी पडतात. निवड काढणीच्या दिवशी करायला गेलात तर पानं गळालेली असतात, काहीच कळत नाही. पीक हिरवंगार असतानाच रानात फिरा. ज्या झाडावर एकही पान फिकट-पिवळ्या चट्ट्यांचं किंवा वेडंवाकडं नाही, त्याच्या बुंध्याला दोरी बांधा. बेणं फक्त त्याचं. शेंडे गुच्छासारखे आखडलेले दिसले तर पिठ्या ढेकणाची शंका घ्या. कसाव्यावरची ही नवी कीड २०२० मध्ये केरळात सापडली. त्या रानातली काठी आणूच नका.

एका झाडाच्या साधारण दहा कांड्या होतात. ५० सेंटांना ९० च्या अंतराने २,५०० लागतील, म्हणजे दोरी बांधलेली २५० झाडं, आणि वर दहा टक्के जास्तीची. मोळ्या सावलीत, वारा लागेल अशा जागी उभ्या ठेवा आणि पंधरवड्याच्या आसपास वापरा. कापण्याआधी नखाने साल खरवडा; लगेच पांढरा चीक आला तर काठी जिवंत आहे. शेंड्याकडचा कोवळा तिसरा भाग आणि बुडाचे दहा सेंटिमीटर टाकून मधल्या भागाच्या १५ ते २० सेंटिमीटरच्या कांड्या करा. कोयता बोथट असेल तर टोक चेचतं आणि तिथूनच कुज लागते, तेव्हा आदल्या दिवशी धार लावून ठेवा. डोळे वरच्या दिशेला ठेवून कांडी पाच सेंटिमीटर खोल उभी रोवा. उलटी गेली तर उगवण रेंगाळते.

जास्तीच्या काठ्यांतल्या थोड्या न कापता राखा. लावणीनंतर पंधरा दिवसांत नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरताना ४० सेंटिमीटरची लांब कांडी लागते. छोटी लावली तर शेजारची झाडं तिला वर येऊ देत नाहीत. नांगी पडली असेल त्या पट्ट्यात कोणता वाण आहे ते बघून त्याच्याच रंगाच्या मोळीतली काठी घ्या.