रास्पबेरी पाय ४०० सोबत काय घ्यावे
कीबोर्डमध्येच सामावलेल्या या संगणकासाठी प्रथम ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा यूएसबी-सी अडॅप्टर घ्यावा, कारण मोबाइलच्या जुन्या चार्जरला तो भार पेलवत नाही आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह झळकू लागते. मॉनिटरकडे जाणाऱ्या केबलचे संगणकाकडील टोक मायक्रो एचडीएमआयचे (नेहमीच्या एचडीएमआयपेक्षा लहान) असावे; हे घरी पोहोचल्यावर लक्षात आले, तर खानापुराहून बेळगावची आणखी एक फेरी ठरलेलीच. पावसाळ्यात वीज अचानक गेल्यास मेमरी कार्डावरील फाइली बिघडू शकतात, म्हणून लहान यूपीएस हवाच. हेडफोनची पिन या संगणकात बसत नाही. आवाज मॉनिटरमधून किंवा यूएसबी स्पीकरमधून घ्यावा. मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड लेआउट (अक्षरांची मांडणी) सुरू केल्यास मुलांचे टंकलेखन व शेताची पहाणी (कर्नाटकातील जमिनीचा उतारा) ऑनलाइन बघणे एकाच यंत्रावर होते.