स्टील गिटार वादकांसाठी श्रवणसंध्या : सोलापुरात ती कशी भरवावी

जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यांच्या रेकॉर्डवर गायकाचं नाव असतं. स्टील गिटार (मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार) वाजवणाऱ्याचं बहुतेक वेळा नसतं. म्हणून या वादकांची आठवण जागवायची तर पहिलं काम नावं शोधण्याचं. खोली, स्पीकर, चहा यांची व्यवस्था आठवड्यात होते. कोणत्या ध्वनिमुद्रणात कोणाचा हात आहे हे पक्कं करायला महिना लागला तरी तो द्यावा, कारण चुकीचं नाव घेऊन वाहिलेली आदरांजली दुसऱ्याच माणसाला पोचते.

दोन तासांच्या बैठकीला आठ गाणी पुरतात. प्रत्येक गाणं दोनदा लावा: आधी सलग, मग फक्त स्टीलचा तुकडा. मध्ये तीन-चार मिनिटं बोलणं. यात सव्वा तास जातो, उरलेला वेळ प्रात्यक्षिकाला आणि प्रश्नांना. आम्हाला दहा-बारा गाण्यांचा मोह योग्य वाटत नाही. सहाव्या गाण्यानंतर कान थकतो आणि बारकावे निसटतात.

यादी करताना तीन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली फोटोची. गायकाच्या शेजारी फोटोत जो स्टील घेऊन बसलाय, तोच स्टुडिओत होता असं धरू नका. कंट्री गायक हँक विल्यम्सच्या वाद्यवृंदात स्टीलवर डॉन हेल्म्स होता. पण ३० ऑगस्ट १९४९ ला सिनसिनाटीत 'आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय' मुद्रित झालं, तेव्हा स्टीलवर जेरी बर्ड होता. दुसरी फसगत पुनर्मुद्रणाची. बऱ्याच गायकांनी आपलीच गाजलेली गाणी काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गायली, आणि स्वस्त संकलनांत हीच नवी ध्वनिमुद्रणं जुन्या नावाने मिळतात. गायक तोच, स्टीलवाला वेगळा. मुद्रणाचं वर्ष आणि मूळ कंपनी जुळल्याशिवाय फाईल घेऊ नका. तिसरी गोष्ट, हँक विल्यम्सच्या काही गाण्यांवर त्याच्या मृत्यूनंतर कंपनीने व्हायोलिनांचा ताफा चढवला. त्या आवृत्तीत स्टील मागे दबतं. सुरुवातीला व्हायोलिनांचा समूह ऐकू आला, की ती फाईल बाजूला ठेवा.

प्रत्येक वादकासाठी पोस्टकार्डाएवढं एक मराठी कार्ड करा: नाव, जन्म-मृत्यूचं वर्ष, गाणं, मुद्रणाचं वर्ष, आणि नेमकं काय ऐकायचं ते एका ओळीत. दोन स्वतंत्र ठिकाणी जुळलेलीच नावं कार्डावर येऊ द्या.

आता क्रम. आधी श्रोत्यांच्या ओळखीचा आवाज द्यावा. मांडीवर आडवी गिटार आणि तारांवरून सरकणारा धातूचा बार हे तंत्र हवाई बेटांवरून निघालं. जोसेफ केकुकू याला त्याचं श्रेय देतात. तिथून ते अमेरिकेत पसरलं आणि आपल्याकडेही आलं. गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काब्रांच्या आलापातली दोन मिनिटं लावली की 'हे तर आपण ऐकलंय' अशी कुजबूज होते, आणि पुढचं सोपं जातं.

मग जेरी बर्ड (१९२०–२००५). पेडल (पायाने दाबून तारेचा स्वर बदलणारी कळ) नाही, सगळं काम डाव्या हातातल्या बारचं. त्याची आवडती जुळणी सी-सिक्स्थ, म्हणजे खालून वर सा ग प ध सा ग. शेवटपर्यंत त्याने पेडलला हात लावला नाही. १९७२ मध्ये तो होनोलुलूला गेला आणि तिथे नव्या पिढीला शिकवत राहिला. ऐकायचं काय, तर कंपन. स्वर आधी सरळ लागतो, मग हलतो. त्याच्यानंतर डॉन हेल्म्स (१९२७–२००८), सप्टेंबर १९५२ चं 'युवर चीटिंग हार्ट'. गाणं स्टीलनेच उघडतं. हेल्म्स मुद्दाम तारसप्तकात वाजवतो, म्हणजे मधला पट्टा गायकाच्या गळ्याला मोकळा राहतो. हार्मोनियमची साथ करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

यापुढे कार्यक्रमाचा कणा येतो, इथे घाई नको. १९५४ साली गायक वेब पिअर्सचं 'स्लोली' गाजलं. त्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. समजावताना सरगम वापरा, इंग्रजी स्वरनामांत अडकू नका. तारा सा-ग-प अशा लागलेल्या आहेत. पेडल दाबलं की ग चढून शुद्ध म होतो, प चढून ध होतो, सा जागचा हलत नाही. सा-ग-प चा सा-म-ध झाला. बार सरकवला असता तर तिन्ही स्वर एकत्र सरकले असते. इथे दोन स्वर मींड घेतात आणि तिसरा तसाच घुमत राहतो. कंट्रीतला 'रडणारा' आवाज म्हणतात तो यातून येतो. 'स्लोली' ऐकल्यावर इतर वादकही आपल्या वाद्यांना पेडलं बसवायला लागले.

बडी एमन्सने (१९३७–२०१५) पुढे हे एक पेडल दोनांत फोडलं: एकावर प चा ध, दुसऱ्यावर ग चा म. आता एक आधी, एक नंतर, किंवा एकच, असं हवं तसं करता येऊ लागलं. त्याने वरच्या बाजूला रे आणि शुद्ध नी अशा दोन ताराही वाढवल्या, त्यामुळे बार न हलवता सरळ सप्तक उतरता येतं. आजच्या दहा तारांच्या ई-नाइन्थ जुळणीत या दोन्ही गोष्टी कायम आहेत. फळ्यावर सा-ग-प लिहून बाणांनी हे दाखवा. पाच मिनिटं लागतात, पण पुढची सगळी गाणी त्यावर उभी आहेत.

नंतर टॉम ब्रमली (१९३५–२००९), बक ओवेन्सचं १९६४ चं 'टुगेदर अगेन'. मधला एकल तुकडा तीनदा लावला तरी चालेल. पेडल किती सावकाश सुटतं तिकडे लक्ष वेधा. त्याच वर्षीचं कॉनी स्मिथचं 'वन्स अ डे', स्टीलवर वेल्डन मायरिक (१९३८–२०१४): झगझगीत, तीव्र, ब्रमलीच्या अगदी उलट. रॅल्फ मूनी (१९२८–२०११) मर्ल हॅगार्डच्या १९६६ च्या 'स्विंगिंग डोअर्स'मध्ये गायकाच्या प्रत्येक ओळीला उत्तर देतो. पीट ड्रेक (१९३२–१९८८) १९६८ च्या 'स्टँड बाय युवर मॅन'मध्ये आहे. १९६४ मध्ये त्याने स्टीलचा आवाज नळीने तोंडात नेऊन ओठांनी त्याला शब्द दिले होते, तेही सांगा. आयझॅक्स धरून ही सात झाली. आठवं गाणं एमन्सचं, तुम्ही खात्री केलेलं कोणतंही.

खोली पंचवीस-तीस माणसांची बघा. सोलापुरातल्या जुन्या दगडी वाड्यांत आणि शहाबादी फरशीच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. स्टीलचा लांबणारा स्वर त्या घुमण्यात मिसळला की पेडल कधी दाबलं ते कळत नाही. उपाय घरातच आहे. जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर टांगा, भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे. चिकटवून लावल्या तर फरक कमी पडतो. खाली सतरंजी अंथरा. टाळी वाजवून बघा: मागे 'टणण' असा आवाज उरला, तर बाजूच्या भिंतीलाही दोन चादरी लागतील.

मंडपवाल्याचे मोठे बॉक्स नकोत. त्यांचा खालचा आवाज स्टीलवर चढतो. घरगुती चांगले दोन स्पीकर पुरतात. १९५० च्या दशकातली गाणी मोनो आहेत, ती मधोमध ठेवलेल्या एकाच स्पीकरवर लावली तर जास्त स्वच्छ ऐकू येतात. बास-बूस्ट बंद. ब्लूटूथऐवजी वायर वापरा, म्हणजे मध्येच जोडणी तुटत नाही. गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा दोष तिथे असतो. वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवरही तशीच गुणगुण येते, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणा आणि बॅटरीवर चालणारा एक स्पीकर हाताशी ठेवा. प्रत्येक गाण्याचा आवाज आदल्या दिवशी जुळवून आकडा कार्डामागे लिहा; जुनी मुद्रणं कमी-जास्त मोठ्या आवाजाची असतात आणि ऐनवेळी बटण फिरवलं की रंग जातो.

प्रात्यक्षिकाला पेडल स्टील मिळणं अवघड, पण साधी अकुस्टिक गिटार चालते. मानेच्या टोकाच्या पट्टीवर बसणारी धातूची उंच पट्टी वाद्यांच्या दुकानात मागा. तारा आठ-दहा मिलिमीटर वर आल्या पाहिजेत, नाहीतर बार फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या कडांवर) खडखडतो. जुळणी खालून वर डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी, म्हणजे सा प सा ग प सा. यात चार तारा उतरतात आणि दोन जागीच राहतात, त्यामुळे मानेवर ताण वाढत नाही. ई मध्ये जुळवायला तीन तारा चढवाव्या लागतात, जुन्या गिटारला ते सोसेलच असं नाही. बार फ्रेटच्या बरोबर वर ठेवा, दोन फ्रेटच्या मध्ये नाही, आणि बारमागची बोटं तारांवर हलकी टेकवा, म्हणजे मागून येणारी किणकिण थांबते.

पेडलचा परिणाम दाखवायला बार सातव्या फ्रेटवर ठेवून वरच्या, म्हणजे बारीक, तीन तारा छेडा आणि बारच्या मागे दुसरी तार बोटाने तळहाताकडे ओढा. प चढत ध ला पोचतो, बाकीचे दोन स्वर स्थिर. अर्ध्यात थांबलं तर कोमल धैवतावर अडकतं आणि कानाला बोचतं, म्हणून वादकाला महिनाभर आधी सांगा. गिटार खोलीत अर्धा तास ठेवून मगच जुळवा. बाहेरच्या उन्हातून आत आणलेल्या तारांचा सूर थंडाव्यात चढतो.

खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवायची तर शेवटी ठेवा. ऐकताना कोणी खात बसलं की ओसरत जाणारा स्वर हरवतो.

तारीख. एमन्सचा जन्मदिवस २७ जानेवारी सर्वांत सोयीचा: हवा थंड, पंखे बंद ठेवता येतात. फक्त गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या) गर्दीचा विचार करून होम मैदानापासून लांबची जागा घ्या. त्याचा स्मृतिदिन २१ जुलै. त्या सुमारास आषाढीची वारी आणि शहरातून जाणाऱ्या पालख्या कधी आहेत ते पंचांगात बघून ठरवा. मूनीचा स्मृतिदिन २० मार्च, तो उन्हाळ्यात येतो आणि पंख्याचा आवाज टाळता येत नाही. एप्रिलच्या मध्यावर मिरवणुका असतात, तेव्हा टाळाच. वेळ संध्याकाळी साडेसहाची द्या, सात वाजता पहिलं गाणं लावा, आणि दार त्यानंतर फक्त दोन गाण्यांच्या मध्ये उघडा.