ओव्हरडोसचा ग्राफ कसा वाचायचा

अमेरिकेतल्या ओपिऑइडच्या (अफूच्या जातीची वेदनाशामकं आणि नशेचे पदार्थ) बातम्या वाचून डोकं गरगरतं ना, मग मृत्यूंचा ग्राफ घ्या आणि पेन्सिलीने तीन वर्षं मार्क करा, १९९६, २०१० आणि २०१३.

१९९६ ला ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड वेदनाशामक गोळी बाजारात आली, व्यसनाचा धोका कमी म्हणत पर्ड्यू फार्माने ती डॉक्टरांच्या गळी उतरवली (२००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूलही केला). म्हणजे सप्लाय, तोही चक्क कायदेशीर. २०१० ला गोळी अशी बदलली की कुटली तरी सहज पूड होत नाही आणि पाण्यात टाकली की नुसता चिकट गोळा, म्हणजे नाकाने ओढणं किंवा टोचून घेणं अवघड, मग काय, बरेच जण हेरॉईनकडे वळले, सप्लाय तोडला पण मागणी जागच्या जागी, हे एवढं कळलं की निम्मं काम झालं. २०१३ पासून फेंटानिल, हेही ओपिऑइडच. ना शेत ना पीक, लॅबमध्ये बनतं, हेरॉईनच्या साधारण ५० पट कडक, २ मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे जेमतेम १०-१५ कण, तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो. लपवायला सोपं म्हणून तस्कर खूश.

मागणी बघायची तर नकाशात वेस्ट व्हर्जिनिया राज्य शोधा, कोळशाच्या खाणी, मोडलेल्या कंबरा, गेलेल्या नोकऱ्या. नुसती गरिबी म्हणून मोकळे होऊ नका मात्र, चांगल्या घरातही दाढ काढल्यावर मिळालेल्या गोळ्यांपासून सुरुवात झालीय.

अमेरिकेत राहत असाल तर नॅलोक्सोन स्प्रे (ओपिऑइडच्या ओव्हरडोसवरचा उतारा) घरात ठेवाच, २०२३ पासून बिनचिठ्ठीचा मिळतो. माणूस हलवून उठत नाही, श्वास मंद, ओठ निळे, तर एका नाकपुडीत मारा, ९११ (तिकडचा इमर्जन्सी नंबर) लावा, २-३ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसऱ्या नाकपुडीत.