स्वयंपाकघराची फरशी निवडताना या चुका टाळा

कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या कुठल्याही टाइलच्या दुकानात रविवारी सकाळी जा, एकच दृश्य दिसेल. टाइल स्टँडवर उभी केलेली, वरून दिव्याचा झोत, समोर चपला-बूट घालून उभं असलेलं सगळं कुटुंब. दहा-पंधरा मिनिटांत पसंती होते, ॲडव्हान्स दिला जातो. त्या टाइलवर कुणी पाय ठेवून बघितलेला नसतो, साधा ओला हात फिरवलेला नसतो. मग सहा महिन्यांनी मला फोन येतो, "ताई, जरा येऊन बघता का?"

अठरा वर्षं मी पुण्यात घरांच्या नूतनीकरणाची कामं करते आहे. हॉलच्या, बेडरूमच्या फरशीत मी फार पडत नाही. तुमचं घर, तुमची आवड. स्वयंपाकघराच्या बाबतीत मात्र मी आडवी येते. तिथे तेल, पाणी, पीठ आणि माणसांची घाई एकाच वेळी जमिनीवर असते, आणि आपण बहुतेक जण घरात अनवाणी वावरतो.

चकचकीत टाइल

सिंहगड रस्त्यावरचं एक घर माझ्या मनातून जात नाही. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, सोबत सासूबाई, वय सदुसष्ट. मी मॅट फिनिशची फिकट राखाडी टाइल काढून ठेवली होती. त्यांनी पांढरी, आरशासारखी पॉलिश केलेली निवडली. "किचन मोठं दिसतं," हे कारण. दिसतंही मोठं, ते खोटं नाही. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावलं नाही. समजवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता, चकल्या तळायला घेतल्या होत्या. तळताना तेलाचे बारीक थेंब उडतात आणि ओट्यापुढे दीड-दोन फुटांपर्यंत जमिनीवर पडतात. पांढऱ्या चकाकत्या फरशीवर ते दिसतच नाहीत. सूनबाईंनी मध्येच ओल्या फडक्यानं फरशी पुसून घेतली. नुसत्या ओल्या फडक्यानं तेल निघत नाही, ते पसरतं. सासूबाई चकल्यांची परात घेऊन डायनिंग टेबलाकडे वळल्या आणि वळता वळता टाच सटकली. हात टेकला गेला, मनगट मोडलं. हातात परात होती, तेलाची कढई नव्हती, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा फरशी तीनदा पुसून झाली होती. मी चपला काढून ओट्यापुढे उभी राहिले आणि टाच फिरवून बघितली. दिसायला कोरडी ठणठणीत, पण पायाखालून अजून निसटत होती. नखानं ओरखडलं तर नखाखाली तेलकट पापुद्रा आला. पुढच्या महिन्यात ट्रॉल्यांच्या पुढची सगळी फरशी फोडून आम्ही मॅट टाइल बसवली. खर्च दुप्पट झाला. सासूबाईंना पोळ्या लाटायला सुरुवात करायला तीन महिने लागले.

कारण साधं आहे. पॉलिश केलेल्या पृष्ठभागाला खरबरीतपणा नसतो. तेलाचा पातळ थर पाय आणि टाइल यांच्यामध्ये अखंड राहतो. मॅट टाइलचा पृष्ठभाग बारीक खरबरीत असतो, तो त्या थरातून वर येऊन तळव्याला धरतो. यासाठी दुकानात एक आकडा विचारता येतो: आर ९ ते आर १३. ही जर्मन मानकातली पद्धत आहे. उतरत्या फळीवर टाइल लावून तिच्यावर तेल ओततात, बूट घातलेला माणूस चालतो आणि तो घसरेपर्यंत उतार वाढवत नेतात. आर ९ म्हणजे सर्वांत कमी पकड. घरातल्या स्वयंपाकघरासाठी मी आर १० मागते. पण ती चाचणी बुटांची असते आणि आपला तळवा उघडा असतो, त्यामुळे आकड्यावर माझं काम थांबत नाही.

मी दुकानातून नमुन्याची एक टाइल घरी आणायला लावते. ती आत्ताच्या फरशीवर ओट्याजवळ ठेवायची. चमचाभर तेल, वर अर्धी वाटी पाणी. घरात ज्या फडक्यानं पुसतात त्याच फडक्यानं एकदाच पुसायचं. मग ओट्याला घट्ट धरून अनवाणी उभं राहायचं आणि टाच फिरवायची. दुसऱ्या कोपऱ्यात हळद, तेल आणि हिंग कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी भांड्याच्या साबणानं धुवायचं. डाग राहिला तर टाइल परत. हे करायला एक दिवस जातो. "एवढं कोण करतं?" असं मला तोंडावर विचारणारी माणसं भेटतात. ट्रॉलीच्या हँडलसाठी हीच माणसं चार दुकानं फिरलेली असतात.

याच्या उलटी चूकही होते. घसरायला नको म्हणून पार्किंगसाठी बनवलेली खडबडीत टाइल आत आणतात. तिच्या खाचांत कणीक आणि तेल बसतं, महिन्याभरात ती काळी पडते आणि रोज ब्रशनं घासायची वेळ येते. हात फिरवल्यावर बारीक रव्यासारखी लागेल इतपत खरबरीत टाइल पुरे.

संगमरवर, कोटा, शहाबादी

संगमरवर स्वयंपाकघरात नको. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहे. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, ताक, जे जे आंबट ते त्याला खातं. लिंबाचा थेंब पाच मिनिटं राहिला तरी तिथली चमक जाते आणि पांढुरकी खूण उरते. तो डाग नसतो, दगड झिजलेला असतो. त्यामुळे तो पुसून जात नाही, पॉलिशचं मशीनच आणावं लागतं.

कोटा, शहाबादी आणि कडप्पा हेही चुनखडीचेच दगड, आंबट त्यांनाही लागतं. पण त्यांच्याकडून आरशासारख्या चमकेची अपेक्षा कुणी करत नाही, म्हणून ते निभावून नेतात. पेठांतल्या वाड्यांत शहाबादी फरशीवर पिढ्या जेवल्या. रो-हाऊस किंवा तळमजल्याचं घर असेल तर मी आजही कमी पॉलिशचा कोटा सुचवते. मुसळ पडलं तरी त्याचं फार काही बिघडत नाही आणि उन्हाळ्यात पायाला गार लागतो. फक्त मशीननं चकचकीत करून घेऊ नका, ओला झाला की तोही घसरतो.

आणि कोथरूड, सहकारनगरच्या जुन्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. तुमच्या स्वयंपाकघरात मोझॅक टाइल असेल तर फोडण्याआधी एका कोपऱ्यात मशीन फिरवून बघा. वरचा कळकट थर गेला की आतले दगडाचे कण पुन्हा उजळतात. तीस-चाळीस वर्षं जमिनीला घट्ट बसलेली फरशी केवळ जुनी दिसते म्हणून राडारोड्यात जाते, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

चांगली टाइल, वाईट बसवणं

हे मी सगळ्यांत जास्त वेळा बघते. महागातली टाइल घेतात आणि बसवायला जो लवकर रिकामा असेल तो माणूस लावतात.

बाणेरमधलं घर होतं. वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला, पत्रिका वाटून झालेल्या, हाताशी नऊ दिवस. चार बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या टाइल. दोन दिवसांत स्वयंपाकघर आणि पॅसेज संपवून फरशीवाला मोकळा झाला. सांधे अजिबात दिसू नयेत, असा घरमालकांचा आग्रह होता, म्हणून टाइलला टाइल चिकटवून लावलेली. दिसायला सुंदर! मे महिन्यात एका दुपारी स्वयंपाकघरातून धाडकन आवाज आला. सिलिंडरचं काही झालं म्हणून सगळे बाहेर पळाले. परत येऊन बघतात तर मधल्या दोन टाइल एकमेकींना रेटून घराच्या छपरासारख्या उभ्या राहिलेल्या.

मला बोलावलं तेव्हा मी त्यातली एक उचलली. कष्ट पडलेच नाहीत, हातात आली. खाली केमिकलचे, म्हणजे टाइल चिकटवायच्या ॲडहेसिव्हचे, पाच गोळे होते, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, लाडू दाबून ठेवावेत तसे. मधली सगळी जागा पोकळ. टाइलच्या पाठीला तर केमिकल धरलंच नव्हतं. बोट फिरवलं, बोटाला पांढरी भुकटी लागली. भट्टीत रोलरला चिकटू नये म्हणून टाइलच्या पाठीला कारखान्यात ही भुकटी लावतात. ती ओल्या फडक्यानं पुसली नाही तर केमिकल टाइलला धरतच नाही, भुकटीला धरतं. मी हे एका फरशीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, पावडर पुसत बसलो तर दिवसाचं काम निम्म्यावर येईल." येऊ दे निम्म्यावर.

व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. म्हणूनच ती डाग धरत नाही, आणि म्हणूनच ती नुसत्या सिमेंटच्या मालालाही नीट धरत नाही. जुने गवंडी सवयीनं टाइल पाण्यात भिजत घालतात. सिरॅमिकला ते ठीक होतं, व्हिट्रिफाइडला त्याचा उपयोग नाही. तिला टाइल ॲडहेसिव्हच लागतं, तेही दातेरी थापीनं सगळ्या पाठीवर आणि खाली पसरून, गोळे ठेवून नाही. दोन टाइलमध्ये किमान २ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे फट राखणारा तुकडा, घाला आणि भिंतीच्या कडेला ५-६ मिलिमीटर मोकळे सोडा. ती फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते, दिसत नाही. उन्हाळ्यात फरशी प्रसरण पावते, तिला सरकायला जागा लागते. जागा नसली की ती वर येते.

माझ्या पर्समध्ये पाच रुपयांचं जुनं जाड नाणं असतं. काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी गुडघ्यांवर बसून प्रत्येक टाइलच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये ते वाजवते. भरीव टाइलचा आवाज दबका आणि घट्ट येतो, पोकळ टाइल मडक्यासारखी बोलते. पोकळ निघेल तिच्यावर खडूनं फुली. फुल्या मिटेपर्यंत शेवटचा हप्ता देत नाही. आणि बसवल्यापासून चोवीस तास त्या फरशीवर कुणी पाय ठेवायचा नाही, सुताराला तर आतच सोडायचं नाही. मुहूर्त जवळ आला असेल तर जुन्या फरशीवर वास्तुशांत करा आणि फरशीचं काम नंतर निवांत काढा. हे मी दोन घरी करवून घेतलं आहे, दोन्ही घरं खूश आहेत.

जुन्या फरशीवर नवी

फोडाफोड नको, सोसायटीची कटकट नको, म्हणून टाइलवर टाइल बसवतात. पद्धत वाईट नाही, पण आधी मोजा. केमिकल धरून फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते. दार खालून घासायला लागतं, ते तासून घेता येतं. खरी अडचण ड्राय बाल्कनीची. तिथे वॉशिंग मशीन असतं, भांडी घासली जातात, म्हणून तिची पातळी स्वयंपाकघराहून खाली हवी. एका घरात दोन्हीकडे नवी फरशी बसवताना बाल्कनी उलट अर्धा इंच वर गेली होती आणि मशीनचं पाणी रोज ट्रॉल्यांखाली येत होतं. मी किमान एक इंचाचा फरक ठेवते आणि दारात ग्रॅनाइटचा उंबरा घालते. खालची फरशी आधी नाण्यानं वाजवून घ्या. तीच पोकळ असेल तर तिच्यावर काहीही चढवू नका.

बाकीच्या चुका पटापट सांगते. भिंतीची टाइल स्वस्त मिळते म्हणून जमिनीवर लावू नका, सिलिंडर सरकवताना तडकेल. लाकडी लॅमिनेट स्वयंपाकघरात नकोच, सिंकखाली एकदा पाणी झिरपलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. पैसे वाचवायला ट्रॉल्यांखाली फरशी घालायचं टाळू नका, तिथल्या ओबडधोबड सिमेंटच्या कोब्यात झुरळं घर करतात. काळीभोर चकचकीत फरशी टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी घेऊ नये, क्षारांचे पांढरे ओघळ रोज पुसाल. सांध्यांत व्हाइट सिमेंट भरू नका, हळदीनं महिन्यात पिवळं होतं. ओट्यापुढच्या भागात तरी इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचं डाग न धरणारं मिश्रण, घ्या. आणि काम झाल्यावर "ॲसिड मारून चकाचक करून देतो" म्हणणाऱ्याला दारातच थांबवा. ॲसिड सिमेंटचे सांधे खातं, आणि कोटा किंवा शहाबादी असेल तर फरशीच खातं.

शेवटी हिशेब. मोजमापापेक्षा १० टक्के जास्त घ्या. दोन बाय दोन फुटांच्या (प्रत्यक्षात ६० सेंटिमीटरच्या) चार टाइलचा एक बॉक्स साधारण साडेपंधरा चौरस फूट भरतो. सगळे बॉक्स एकाच लॉटचे आणि शेडचे आहेत ना, ते टेम्पोतून उतरवतानाच बघा, बसवायला लागल्यावर नाही. उरलेल्या चार टाइल माळ्यावर उभ्या ठेवा. बॉक्सवरचं लेबल कापून, त्यावर बसवल्याची तारीख आणि ग्राउटच्या रंगाचा नंबर लिहून, सिंकखालच्या ट्रॉलीच्या दाराला आतून चिकटवा. सात वर्षांनी लोखंडी तवा पडून टाइलचा कोपरा उडाला, तर तुम्हाला दुकानात फोटो दाखवत फिरायला लागणार नाही.